पुरे करण्याची विद्या : केतकरांचा ज्ञानकोश आणि सुकथनकरांचे महाभारत

अपुऱ्या राहिलेल्या कृतीभोवती आपल्या वाङ्मयात एक वलय असते. गडकऱ्यांचे 'राजसंन्यास' अपुरे राहिले आणि ते पुरे झाले असते तर काय झाले असते, ही चर्चा वर्गात काढली की विद्यार्थी सरसावून बसतात. 'भावबंधन' मात्र मृत्यूच्या उंबरठ्यावर त्यांनी पुरे केले, याचे कौतुक फारसे कोणास वाटत नाही. बालकवी १९१८ साली, वयाची अठ्ठावीस वर्षेही पुरी न करता गेले. त्यांच्या न लिहिलेल्या कवितांचा हिशोब आपण अजून मांडत असतो. यात गैर काही नाही. पण मृत्यूने अपुरे ठेवलेले काम आणि भीतीने अपुरे ठेवलेले काम यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, आणि पहिल्याचे वलय आपण नकळत दुसऱ्याला बहाल करून टाकतो. मराठी विभागांतून वावरणाऱ्या कोणासही ठाऊक असलेली गोष्ट आहे : अमुक सरांचा प्रबंध वीस वर्षे झाली, 'शेवटचा हात' फिरायचा राहिला आहे. अमक्या कवीची वही तयार आहे, पण तो छापू देत नाही. हे आपण आदराने सांगतो. काम न संपणे हाच जणू त्याच्या थोरवीचा पुरावा.

या ध्यासाला हल्ली परफेक्शनिझम म्हणतात आणि त्यावर मानसशास्त्रीय सल्ल्यांची पुस्तके मिळतात. आम्हांस तो मार्ग नको आहे. आम्ही इतिहासाचा आधार घेऊ इच्छितो, कारण हा प्रश्न निव्वळ एकेका लेखकाच्या स्वभावाचा नाही. काम कसे उभारले आहे, त्याची मुदत कोणी ठरवली आहे आणि त्यातील उणिवेची जागा कोठे ठेवली आहे, यांचाही तो प्रश्न आहे. सुदैवाने त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दशकांत, एकाच पुणे शहरात, दोन अवाढव्य कामे एकाच वेळी चालू होती. एक होते श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश', दुसरे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ती. पहिले बारा-तेरा वर्षांत उरकले, दुसऱ्यास सत्तेचाळीस वर्षे लागली. रूढ समजुतीप्रमाणे पहिले घाईचे आणि दुसरे निर्दोषत्वाचे उदाहरण. आमचे म्हणणे असे की परिपूर्णतेच्या भयावर दोहोंनीही मात केली, फक्त वेगवेगळ्या मार्गांनी. आणि आज लिहू पाहणाऱ्यास दोन्ही मार्ग माहीत असणे गरजेचे आहे.

केतकरांचा जन्म १८८४ सालचा, रायपूरचा. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकून १९११ साली ते डॉक्टर झाले. जातिसंस्थेच्या इतिहासावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक त्याआधी, १९०९ सालीच निघाले होते. १९१२ मध्ये ते हिंदुस्थानात परतले. अशा माणसाने विद्यापीठात एखादी जागा धरून जातिसंस्थेवरील पुढचे खंड सावकाश लिहावेत, हा सरळ रस्ता होता. तो न धरता त्यांनी मराठीत विश्वकोश करण्याचे मनावर घेतले, आणि १९१६ च्या सुमारास नागपूरला 'ज्ञानकोश मंडळ' उभे केले. हे मंडळ विद्वत्सभा नव्हते, मर्यादित जबाबदारीची कंपनी होती. भागभांडवल, भागधारक, वर्गणीदार, हिशोब. केतकर तिचे संपादकही आणि व्यवस्थापकही. वर्गणीदार मिळवण्यासाठी ते गावोगाव फिरले. पुढे काम पुण्यास आले.

एवढ्या तपशिलाकडे वाङ्मयाचे अभ्यासक सहसा पाहत नाहीत. 'ज्ञानकोशकार' ही पदवी उच्चारून पुढे जातात. आम्हांस मात्र सगळे मर्म या कंपनीतच दिसते. त्या काळी मराठीत विश्वकोश करू नये यासाठी सबळ कारणे भरपूर होती. शास्त्रीय विषयांस परिभाषा नव्हती, ती लिहिता लिहिता घडवायची होती. एकेका विषयाचे अधिकारी लेखक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. समोर नमुना होता तो एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या अकराव्या आवृत्तीचा. १९१०-११ साली निघालेल्या त्या आवृत्तीचे एकोणतीस खंड, आणि लेखक सुमारे दीड हजार. त्या मापाने मोजले असते तर ज्ञानकोशाचे पहिले पानही छापता आले नसते. 'आधी परिभाषा सिद्ध होऊ द्या, आधी तज्ज्ञ तयार होऊ द्या' हा युक्तिवाद तर्काने खोडून काढणे अवघड असते, कारण तो नेहमीच खरा असतो. केतकरांनी तो खोडला नाही. वर्गणीदारांकडून पैसे घेऊन त्यांनी स्वतःला अशा जागी उभे केले की तो युक्तिवाद त्यांना परवडेनासा झाला. ज्याने वर्गणी भरली आहे त्यास संपादकाच्या मनातील आदर्श कोश नको असतो, ठरलेला खंड हवा असतो.

पहिला खंड १९२० साली बाहेर पडला आणि १९२९ पर्यंत तेविसाव्या खंडापर्यंत मजल गेली. त्यांतील पहिले पाच खंड वर्णानुक्रमी नाहीतच. ते 'प्रस्तावनाखंड' आहेत : हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग आणि विज्ञानेतिहास. कोश म्हटला की 'अ' पासून आरंभ, या समजुतीस हा सरळ धक्का होता. कोशकाराने आपली दृष्टी आधी मांडावी आणि मग नोंदी द्याव्यात, असा हा क्रम. शास्त्रशुद्ध कोशरचनेच्या दृष्टीने हा दोषच म्हणावा लागेल. पाच खंडांत संपादकाचे स्वतःचे सिद्धान्त इतके पसरलेले आहेत की त्यांस तटस्थ संदर्भग्रंथ म्हणणे कठीण. पण काम सुरू कसे करावे या प्रश्नाचे ते उत्तर होते. ज्या विषयांत संपादकाचे मन रमलेले होते तेथून त्याने सुरुवात केली. मग सोळा वर्णानुक्रमी खंड, त्यांच्यानंतर सूचीचा खंड आणि हिंदुस्थानविषयीचा खंड. सूचीला स्वतंत्र खंड द्यावा हा विचारही लक्षात घेण्याजोगा आहे. कोश वापरणाऱ्याची सोय पाहणारा माणूसच ते करतो.

तुलनेसाठी दोन उदाहरणे. ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशाचा पहिला अंश केतकरांच्या जन्मवर्षीच, १८८४ साली निघाला आणि शेवटचा १९२८ साली. म्हणजे केतकरांचा कोश संपत आला तेव्हा तोही संपत होता. काम हाती घेताना जेम्स मरे आणि प्रकाशक यांनी दहा वर्षांचा अंदाज केला होता. मरे १९१५ साली गेले, कोश पुढच्यांनी पुरा केला. दुसरे उदाहरण जवळचे. कोमर्राजू वेंकट लक्ष्मणराव हे तेलुगू विद्वान नागपुरात शिकलेले आणि मराठी उत्तम जाणणारे. 'आंध्र विज्ञान सर्वस्वमु' हा तेलुगू विश्वकोश त्यांनी केतकरांच्या थोडे आधी हाती घेतला. तीन खंड निघाले, ते सारे 'अ' या वर्णाचे. १९२३ साली त्यांचे निधन झाले आणि काम थांबले. लक्ष्मणरावांची योग्यता केतकरांहून कमी होती असे कोणीही म्हणणार नाही. पण त्या तीन खंडांकडे पाहिले म्हणजे केतकरांच्या गतीचा अर्थ कळतो. कोशाच्या बाबतीत 'ज्ञ' पर्यंत पोहोचणे हाही गुणवत्तेचाच भाग आहे. 'अ' मध्येच संपलेला कोश कितीही उत्तम असला तरी 'क' पासून आरंभ होणारा शब्द शोधणाऱ्याच्या तो कामाचा नाही.

हे म्हणताना ज्ञानकोशातील दोषांवर पांघरूण घालण्याची आमची इच्छा नाही. नोंदींचा तोल अनेक ठिकाणी ढळलेला आहे. काही नोंदी इंग्रजी कोशांवरून घाईने केलेल्या दिसतात, तर कोठे चार ओळींत आटपावे अशा विषयास पाने दिलेली. भाषा खडबडीत. केतकरांना भाषेचा लळा नव्हताच. वाक्य डौलदार व्हावे म्हणून ते क्षणभरही थांबत नसत. आणि काही मते, विशेषतः समाज आणि वंश यांविषयीची, आज स्वीकारता येणार नाहीत. विद्यार्थ्यांना ज्ञानकोश वापरण्यास सांगताना आम्ही ही सूचना नेहमी देतो. परंतु या दोषांची चिकित्सा शक्य होते ती कोश छापला गेला म्हणून. वहीत राहिलेल्या कोशाची चूक कोणास दाखवता आली असती?

आणखी एक गोष्ट. कामाच्या अखेरीस, १९२७ साली, केतकरांनी 'माझे बारा वर्षांचे काम' हे पुस्तक लिहून ज्ञानकोश मंडळाचा इतिहास मांडला. आपल्याकडे ग्रंथनिर्मितीच्या आठवणी म्हणजे प्रेरणा, गुरुकृपा आणि रात्रीचे दिवे असा थाट असतो. येथे कंपनी आहे, पैशाची तंगी आहे, माणसे आहेत, टीकाकार आहेत. सर्जनशील काम हे व्यवहाराच्या जमिनीवर उभे असते हे इतक्या मोकळेपणाने सांगणारे पुस्तक मराठीत दुर्मिळच. ज्यांना लेखनाचा उत्साह कसा टिकवावा हा प्रश्न पडतो त्यांनी ते अवश्य मिळवून वाचावे. उत्साहाची चर्चा त्यात शोधावी लागते. कामाची पानोपानी आहे.

आता दुसरे काम. महाभारताची चिकित्सक आवृत्ती व्हावी ही सूचना मॉरिझ विंटरनित्झ यांनी १८९७ साली पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत केली होती. युरोपात ती रेंगाळली. १९१७ साली भांडारकर मंदिर स्थापन झाले आणि औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या देणगीच्या आधाराने १९१९ मध्ये तेथे या कार्याचा आरंभ झाला. पहिली काही वर्षे पाठभेद जमवण्यात गेली. १९२३ साली ना. बा. उत्गीकर यांनी विराटपर्वाची एक तात्पुरती आवृत्ती विद्वानांच्या अभिप्रायासाठी काढली. १९२५ साली विष्णु सीताराम सुकथनकर मुख्य संपादक झाले. केंब्रिजला गणित आणि बर्लिनला ल्यूडर्स यांच्या हाताखाली भाषाशास्त्र शिकलेला हा माणूस. त्यांनी कामाची मांडणी नव्याने केली.

येथे परिपूर्णतेचा मोह केवढा होता याची कल्पना करावी. महाभारत म्हणजे सर्व हिंदुस्थानभर, शारदेपासून मल्याळमपर्यंतच्या लिप्यांत, हजार-दीड हजार वर्षे वाढत गेलेला ग्रंथ. त्याची आवृत्ती करायची तर व्यासांचे मूळ महाभारत शोधून काढावे, ही अपेक्षा केवळ भाविकांची नव्हती, पंडितांचीही होती. ही अपेक्षा मान्य केली असती तर एकही पर्व छापून झाले नसते. सुकथनकरांनी पहिल्यांदा केले ते हे की त्यांनी ध्येयच लहान केले. व्यासांची संहिता नव्हे. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जेथवर मागे जाता येते तेथवरची संहिता. आदिपर्वाच्या प्रास्ताविकात, म्हणजे १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्रोलेगोमेना'त, त्यांनी ही मर्यादा स्पष्ट मांडली आहे. पाठचिकित्सेचा तो धडा म्हणून आपण शिकवतो. आम्हांस तो लेखनाच्या नीतीचाही धडा वाटतो. काय करणार नाही हे आधी जाहीर केले की उरलेल्या कामास हात घालता येतो.

दुसरी युक्ती याहून साधी आहे. चिकित्सक आवृत्तीचे पान ज्यांनी पाहिले आहे त्यांना संहितेतील काही शब्दांखालची नागमोडी रेघ आठवत असेल. जो पाठ संपादकास निश्चित वाटला नाही त्याखाली ती ओढलेली आहे. म्हणजे शंका होती, पण शंकेसाठी छपाई थांबवलेली नाही. शंका छापली आहे. पानाच्या तळाशी नाकारलेले सारे पाठभेद दिले आहेत, आणि संहितेतून वगळलेले दीर्घ भाग परिशिष्टांत. उद्या कोणास संपादकाचा निर्णय चुकीचा वाटला तर तो निर्णय उलटवण्याची सामग्री त्याच पानावर आहे. परिपूर्णतेचा हट्ट धरणाऱ्यास सर्वांत मोठे भय असते ते चूक उघडी पडण्याचे. येथे चूक उघडी पडण्याची सोय संपादकानेच करून ठेवली आहे! आमच्या मते सुकथनकरांची खरी प्रतिभा या रेघेत आहे.

याचे फळ त्यांना हयातीतच मिळाले. आदिपर्वाचा पहिला अंश १९२७ मध्ये आणि पूर्ण पर्व १९३३ मध्ये निघाले. त्यानंतर काही वर्षांनी नेपाळातून आदिपर्वाचे एक फार जुने हस्तलिखित उजेडात आले. सुकथनकरांनी ते तपासले तेव्हा त्यांच्या संहितेस त्याचा मोठा पाठिंबा मिळाला; त्यांनी प्रक्षिप्त ठरवून वगळलेला पुष्कळसा मजकूर त्यातही नव्हता. 'आणखी एखादे हस्तलिखित मिळेपर्यंत थांबू' असे १९३३ साली म्हणता आले असते, आणि ते म्हणणे पूर्णपणे विद्वत्तेस धरून झाले असते. ते थांबले नाहीत म्हणूनच नव्या हस्तलिखिताला काही सिद्ध करता आले.

जानेवारी १९४३ मध्ये सुकथनकर मुंबई विद्यापीठात महाभारताच्या अर्थावर चार व्याख्याने देत होते. तीन झाली, चौथे होण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. पर्वे निरनिराळ्या संपादकांकडे सोपवलेली होती : विराटपर्व रघुवीरांकडे, सभापर्व अमेरिकेतील फ्रँकलिन एजर्टन यांच्याकडे, उद्योगपर्व सुशीलकुमार डे यांच्याकडे. पद्धत एकदा छापून सर्वांसमोर ठेवलेली असल्याने मुख्य संपादक गेल्यावरही काम अडले नाही. श्री. कृ. बेलवलकर आणि नंतर प. ल. वैद्य यांनी धुरा वाहिली आणि १९६६ साली आवृत्ती पुरी झाली.

याच शहरातील तिसरे काम येथे ओझरते सांगितले पाहिजे. डेक्कन कॉलेजमध्ये सु. मं. कत्रे यांनी १९४८ साली संस्कृतच्या ऐतिहासिक शब्दकोशाची योजना हाती घेतली. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द टिपले गेले, चिठ्ठ्यांची संख्या कोटीच्या घरात गेली. पहिला भाग १९७६ साली निघाला, आणि नंतरच्या दशकांत जे खंड येत राहिले ते 'अ' पासून आरंभ होणाऱ्या शब्दांचेच. त्या कामाची थोरवी मान्य करूनही आम्ही एवढेच विचारू की ज्या विद्वानांनी त्यात उमेदीची वर्षे घातली, त्यांच्या मनात या गणिताविषयी काय येत असेल? मराठी विश्वकोशाची कथा दोहोंच्या मधली आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९६० नंतर ते काम उभे राहिले. आधी परिभाषा ठरवून १९७३ साली परिभाषासंग्रह काढला, पहिला खंड १९७६ साली आणि विसावा २०१५ साली. केतकरांनी जी पायरी वगळली ती येथे आधी चढली गेली. नोंदींची विश्वसनीयता त्यामुळे निःसंशय वाढली. तर्कतीर्थ मात्र १९९४ सालीच गेले होते.

पुन्हा केतकरांकडे येऊ, कारण ज्ञानकोश ही त्यांच्या कथेची अर्धीच बाजू आहे. कोशाचे काम संपत आले त्याच सुमारास हा माणूस कादंबऱ्या लिहू लागला. 'गोंडवनातील प्रियंवदा', 'परागंदा', 'आशावादी', 'गावसासू', 'ब्राह्मणकन्या', 'विचक्षणा', 'भटक्या' अशा सात कादंबऱ्या त्यांच्या नावावर आहेत. तो काळ कोणता? ना. सी. फडके यांचे 'प्रतिभासाधन' १९३१ सालचे. कादंबरीचे कथानक कसे रचावे, आरंभ कसा करावा, गुंतागुंत कोठे सोडवावी, याचे तंत्र मराठी लेखकांना पाठ होत होते. कादंबरी ही घोटीव, गुळगुळीत, एकही धागा लोंबू न देणारी वस्तू असावी, हा आदर्श रुजत होता. आणि त्याच्या एकच वर्ष आधी, १९३० साली, केतकरांची 'ब्राह्मणकन्या' आली. तीत धागेच धागे लोंबत आहेत. पात्रे बोलता बोलता समाजशास्त्रावर व्याख्यान देतात, कथानक मध्येच थबकते, लेखक स्वतः येऊन मत देतो. तंत्राच्या कसोटीवर ती नापास होते, आणि अनेक समीक्षकांनी तिला नापास केलेही.

पण कालिंदीचा प्रश्न, म्हणजे ज्या मुलीच्या जन्माची जात समाज मान्य करीत नाही तिने लग्न कोणाशी करावे आणि तिच्या मुलाचे स्थान काय, हा प्रश्न त्या काळच्या कोणत्या घोटीव कादंबरीने इतक्या निर्भयपणे हाताळला? दुर्गाबाई भागवतांनी १९६७ साली 'केतकरी कादंबरी' हे स्वतंत्र पुस्तक लिहून या कादंबऱ्यांकडे पुन्हा लक्ष वेधले, ते उगाच नव्हे. आमचा तर्क असा आहे की तेवीस खंडांच्या सवयीने केतकरांना एक स्वातंत्र्य दिले होते. लिहिलेले अपुरे असणार, हे त्यांनी गृहीतच धरले होते. त्यामुळे काय सांगायचे आहे यावरच त्यांचे सारे लक्ष राहिले. हे स्वातंत्र्य रूपाच्या दृष्टीने महागात पडले हेही मान्य केले पाहिजे. 'ब्राह्मणकन्या' वाचताना पन्नास पाने गाळावीशी वाटतात. आमच्यापैकी एकास ती पाने गाळावीशी वाटत नाहीत. हा वाद आम्ही मिटवलेला नाही.

या साऱ्याची किंमत कोणी दिली, हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. केतकरांचा विवाह १९२० साली इडिथ कोहन यांच्याशी झाला. त्या शीलवती केतकर झाल्या. विंटरनित्झ यांच्या भारतीय वाङ्मयाच्या इतिहासाचे जर्मनमधून इंग्रजी भाषांतर करणाऱ्या 'मिसेस एस. केतकर' त्या याच. पहिला खंड कलकत्ता विद्यापीठाने १९२७ साली प्रसिद्ध केला. ज्या विंटरनित्झ यांनी महाभारताच्या आवृत्तीची कल्पना मांडली त्यांचा ग्रंथ ज्ञानकोशकारांच्या घरात इंग्रजीत उतरावा, हा योगायोग आम्हांस नेहमीच मोहवतो. पण ते घर सुखाचे नव्हते. कोश पुरा झाला तरी पैसा उरला नाही. गुजराती ज्ञानकोशही केतकरांनी हाती घेतला, तो मात्र पुरा झाला नाही. १९३१ साली हैदराबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले, मान मिळाला. ओढाताण संपली नाही. १९३७ साली, त्रेपन्नाव्या वर्षी, केतकर गेले. शीलवतीबाईंनी १९६९ साली 'मीच हे सांगितलं पाहिजे' हे आत्मकथन लिहिले. त्याच्या नावातच एक अधिकार आहे. बारा वर्षांत तेवीस खंड, हे वाक्य उच्चारताना ते पुस्तक शेजारी असावे. गतीचे गोडवे गाणारे आम्ही, त्या गतीचा खर्च दुसऱ्याच्या वहीत लिहिलेला असतो हे विसरू शकत नाही.

राहता राहिला प्रेरणेचा मुद्दा. प्रेरणा ही आतून उसळते आणि ती ओसरली की लेखणी थांबते, अशी कवितेवरून घेतलेली कल्पना आपण सर्वच लेखनास लावतो. ज्ञानकोशाच्या कचेरीत जे घडले त्याकडे पाहता ती कल्पना अपुरी वाटते. तेथे काम करणाऱ्यांत यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे हे दोघे होते. कोश कसा पुरा करतात हे त्यांनी तेथे पाहिले. मजकुराची मागणी, मुद्रितांची ये-जा, चुकलेली नोंद, टळलेली मुदत, आणि तरीही निघालेला पुढचा खंड. केतकरांचे काम संपल्यावर या दोघांनी आबा चांदोरकर आणि चिं. शं. दातार यांच्यासह 'महाराष्ट्र शब्दकोश' हाती घेतला. १९३२ ते १९३८ या काळात त्याचे सात खंड निघाले. पाठोपाठ वाक्संप्रदाय कोश, शास्त्रीय परिभाषा कोश, आणि सहा खंडांचा सुलभ विश्वकोश. दाते-कर्व्यांच्या शब्दकोशावाचून आज आमच्यापैकी कोणाचेही पान हलत नाही; जुनी कविता शिकवताना दिवसातून दोनदा तो उघडावा लागतो. त्यांना ही उमेद कोठून आली, याचे उत्तर त्यांच्या स्वभावात जितके आहे तितकेच त्यांच्या उमेदवारीच्या वर्षांत आहे. पुरे झालेले एक काम त्यांनी जवळून पाहिले होते, त्याच्या सर्व भेगांसकट.

त्यांच्या शब्दकोशातही शब्द राहून गेले होते, हे अर्थात त्यांना ठाऊक होते. सातवा खंड निघाल्यानंतर बारा वर्षांनी, १९५० साली, त्यांनी त्या शब्दांची पुरवणी काढली.